कोलेस्टेरॉल, नववी 'ब'

'शाळेने मला काय दिलं' या विषयावर स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेने मला एक टोपणनाव दिलं. ते जीवशास्त्राच्या बाईंमुळे पडलं, त्यामुळे जे लिहीन ते बाईंबद्दलच होणार. गणिताच्या आणि भाषेच्या सरांनी रागावू नये, पानं दोनच मिळाली आहेत. बाईंचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे आमच्या आगेमागे दहा वर्षांतल्या कुठल्याही बॅचला विचारा.

१९८२ साल, पेशीचा धडा. जर्नलमध्ये मी पट्टी लावून दोन ठळक रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, 'प्रद्रव्यपटल ही पेशीचे रक्षण करणारी भिंत आहे.' बाईंनी 'भिंत' या शब्दावर लाल फुली मारली. पटल म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण; भित्तिका वेगळी, ती वनस्पतींच्या पेशीला पटलाच्या बाहेरून असते. एवढंच सांगून त्या पुढच्या जर्नलकडे वळू शकल्या असत्या. पण वर्गाकडे बघून म्हणाल्या, "याचं एकट्याचं चुकलेलं नाही. मीही हे असंच घट्ट घट्ट शिकले होते."

त्यांच्या कॉलेजात पटलाची रचना म्हणून १९३५ सालचं डॅव्हसन आणि डॅनिएली या शास्त्रज्ञांचं सँडविच शिकवत: मध्ये मेद, दोन्ही अंगांना प्रथिनांचा लेप. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी ते मोडलं. मेदाचा दुहेरी थर वाहता, प्रथिनं त्यात रुतलेली, काही तर या अंगातून त्या अंगाला आरपार, आणि बरीचशी थरातल्या थरात सरकणारी. "माझी पदवी हातात पडली आणि चित्र बदललं," असं बाई हसत हसत सांगायच्या. आपण शिकलो ते चुकीचं निघालं, हे मुलांसमोर कबूल करणारं दुसरं कुणी मला त्या वयात भेटलं नाही.

"पण बाई, वाहतं म्हणजे कसं?" मागच्या बाकावरून आवाज आला. बाईंनी सगळ्या वर्गाला प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात काढलं.

आठ मुलं एका ओळीत, आठ समोरच्या ओळीत, फरशीवर उताणी झोपवली. पायांना पाय भिडवून, डोकी बाहेरच्या बाजूला. मुली दोन्हीकडे उभ्या राहिल्या, त्या पाणी. डोक्यांना पाणी आवडतं, पायांना आवडत नाही, म्हणून पाय आत लपवलेले. एकेक मुलगा म्हणजे फॉस्फोलिपिडचा, पटलातल्या मेदाचा, एकेक रेणू, त्याचे दोन पाय म्हणजे दोन शेपट्या. सगळे ताठ असताना खांद्याला खांदा लागला. बाईंनी ओळीच्या दोन्ही टोकांना खडूने खुणा केल्या. मग म्हणाल्या, "एकाआड एकाने एक गुडघा बाजूला वाकवा." ओळ खडूच्या खुणेबाहेर सरकली ती थेट कुंडीपर्यंत! वाकलेला गुडघा म्हणजे शेपटीतल्या दोन कार्बनमधला दुहेरी बंध. तो असला की रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, थर सैल राहतो, वाहतो.

मी वर्गात सगळ्यांत बुटका, आणि त्या वयात काठीसारखा ताठ. बाईंनी मला दोन वाकलेल्या गुडघ्यांच्या मधे झोपवलं. "हा कोलेस्टेरॉल." मग त्या ओरडल्या, "उन्हाळा!" सगळे हलायला लागले, पण माझे दोन्ही शेजारी अडकले, त्यांना वळवळता येईना. "थंडी!" सगळ्यांनी पाय ताठ करून मधे रेटा दिला. मी मधे असल्यामुळे ओळ काही घट्ट होईना. उन्हात पटल फार पातळ होऊ द्यायचं नाही आणि थंडीत थिजू द्यायचं नाही, ही कोलेस्टेरॉलची दुहेरी नोकरी मी बरगड्यांवर शिकलो.

तेवढ्यात मुख्याध्यापक राउंडवर आले. सोळा-सतरा मुलं फरशीवर पडलेली बघून ते जागीच थांबले. आम्ही धडपडत उठायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "उठू नका, पटल फाटेल." सर क्षणभर उभे राहिले, मग पाण्यातून वाट काढत निघून गेले. त्या दिवसापासून दहावीच्या निरोप समारंभापर्यंत मी कोलेस्टेरॉल. हल्ली रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर तोच शब्द उच्चारतात, तेव्हा कुणीतरी व्हरांड्यातून हाक मारल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तारेची चौकट आली. साबणाच्या पाण्यात बुडवून काढली की तिच्यात पडदा धरायचा. त्यावर बाईंनी दोऱ्याचं ओलं कडं ठेवलं आणि कड्याच्या आतला पडदा पेन्सिलीने फोडला. वेडंवाकडं कडं झटकन गोल झालं, बाहेरचा पडदा मात्र शाबूत. त्या भोकातून पेन्सिल आरपार जायची. चौकट कलती केली की कडं पडद्यावरून घरंगळत दुसऱ्या कोपऱ्यात. "हे तुमचं प्रथिन, हे दार, आणि दारसुद्धा फिरतंय." लगेच पुढे, "पण फसू नका. साबणाचा पडदा उलटा असतो. डोकी आत, शेपट्या बाहेर हवेत." उदाहरण कुठे तोकडं पडतं हेही त्या उदाहरणासोबतच सांगायच्या.

मी आज पटलांवरच काम करतो. चमकता रंग मिसळलेला मेदाचा थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि लेसरने त्यातला एक ठिपका विझवायचा. काळा डाग पडतो. बघत राहायचं. विझलेला रंग पुन्हा पेटत नाही, पण शेजारचे चमकते रेणू आत सरकतात, काठ उजळतात, डाग पुसट होत जातो. थर गोठलेला असेल, तर डाग तसाच. १८ कार्बनच्या दोन्ही शेपट्या सरळ असल्या तर आमचा नेहमीचा एक मेद ५५ अंशांखाली गोठतो. तेवढ्याच लांबीच्या शेपट्यांत एकेक दुहेरी बंध टाकला, की शून्याखाली सतराएक अंशांपर्यंत वाहता राहतो. नवीन विद्यार्थी या फरकाचं कारण विचारतात. मी त्यांना एका पायावर उभं राहून गुडघा वाकवून दाखवतो. ते हसतात.

पत्रासोबत नव्या प्रयोगशाळेचे फोटो होते. मोठा पडदा, त्यावर पटलाचं रंगीत चित्र, हलतंसुद्धा म्हणे. असेल. व्हरांड्याला काचा लावून तिथे ऑफिस केलेलं दिसतं. आता सोळा मुलं झोपवायची कुठे?

समितीला एकच विनंती. ती तारेची चौकट जुन्या कपाटाच्या वरच्या खणात असायची, एका कोपऱ्याला निळा दोरा गुंडाळलेला. सामान हलवताना सापडली असेल, तर भंगारात देऊ नका. कार्यक्रमाला येईन तेव्हा मी घेऊन जाईन.