जुन्या पॅलेट रॅकवर ट्रॅक्टरची अवजारं ठेवायची असतील तर

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहितो. प्रश्न साधारण असा असतो: भिवंडीच्या गोदामातले जुने पॅलेट रॅक (उभे खांब आणि आडवे बीम जोडून केलेली मजल्यांची मांडणी) स्वस्तात मिळतायत, गाळ्यात रोटाव्हेटर, लेव्हलर, लोडरची बकेट, खड्डे घ्यायचं ऑगर असं सगळं त्यावर चढवून ठेवलं तर चालेल का? मैदानांची, किनारा सफाईची किंवा नर्सरीची कामं घेणारे हे नेहमी विचारतात. मुंबईत भाडं जमिनीचं भरायचं असतं आणि गाळ्याची उंची तशीच पडून राहते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

चालेल. पण रॅक सगळ्यात शेवटी घ्या. अवजार वर कसं जाणार ते आधी ठरवा, मग ते कशावर बसणार ते करून घ्या.

वर चढवण्याचा विचार बहुतेक जण चेनब्लॉकवर, म्हणजे साखळीच्या कप्पीवर, येऊन थांबवतात. चेनब्लॉकने वजन सरळ वर जातं. दोन बीमच्या मधल्या कप्प्यात ते आडवं सरकवता येत नाही, कारण वरचा बीम साखळीच्या आड येतो. म्हणजे कप्पी फक्त सर्वात वरच्या, उघड्या मजल्यासाठी. (आणि ती छताच्या ट्रसला टांगू नका. ट्रस पत्र्याचं वजन धरायला बनवलेला असतो.) फोर्कलिफ्ट असेल तर उत्तम, पण तिला वळायला तीन-साडेतीन मीटर मोकळी जागा लागते आणि लहान गाळ्यात ती नसते. उरतो स्टॅकर, म्हणजे मागे चालत चालवायचं, काट्यांनी पॅलेट वर उचलणारं छोटं यंत्र. त्याचे पुढचे दोन पाय जमिनीलगत रॅकच्या आत शिरावे लागतात. तळाशी बीम असेल किंवा जमिनीवर अवजार पसरलेलं असेल तर पाय अडतात आणि काटे कप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सर्वात खालचा बीम पायांच्या वर राहील इतका उंच लावा, त्याखालची जमीन मोकळी ठेवा. स्टॅकर किंवा फोर्कलिफ्टची क्षमता काट्याच्या टाचेपासून ठरावीक अंतरावरच्या वजनासाठी असते, बहुधा ५०० मिमी. अवजाराचा भार ७०० मिमीवर गेला की क्षमता चांगलीच उतरते. किती, ते मशीनवरच्या पाटीवर वाचा.

आता पॅलेट. लाकडी पॅलेट सपाट खोक्यांसाठी असतं. रोटाव्हेटरची पाती किंवा कल्टिव्हेटरचे फाळ त्याच्या फळ्या फोडतात, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या लाकडाचा भरवसा नाही. प्रत्येक जड अवजाराला १०० बाय ५० मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) चॅनलचं स्वतःचं पॅलेट करून घ्या: खाली पुढून मागे जाणाऱ्या दोन धावा, वर त्यांना जोडणारे आडवे तुकडे आणि अवजार पिनने अडकवायला कान. ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंट जोडणीत कॅटेगरी २ ची खालची पिन २८ मिमीची असते, लहान कॅटेगरी १ ची २२. कानांची भोकं त्याप्रमाणे पाडा. रॅकची फ्रेम १००० मिमी खोल असेल तर धावा १२०० मिमीच्या ठेवा, म्हणजे दोन्ही बीमच्या बाहेर १००–१०० मिमी येतील. पोलाद पोलादावर घसरतं, म्हणून धावेच्या खाली दोन्ही बीमच्या आतल्या बाजूने एकेक ठोकळा वेल्ड करा. काढताना पॅलेट आधी उचलायचं, मगच ओढायचं.

धावा कुठे टेकतात यावर बीमचं आयुष्य अवलंबून आहे. बीमच्या जोडीवर २००० किलो लिहिलेलं असतं ते सगळ्या लांबीवर पसरलेल्या वजनाचं. तेच वजन मधोमध एका ठिकाणी आलं तर बीम वाकवणारा जोर दुप्पट होतो, म्हणजे भरवसा १००० चाच. धावा दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबीवर टेकल्या तर हा जोर पसरलेल्या वजनाइतकाच राहतो. २३०० मिमीच्या बीमवर टोकापासून ५७५ मिमी, म्हणजे दोन धावांमध्ये ११५० मिमी. सहा फुटी रोटाव्हेटर बाहेरून बाहेर दोन मीटरच्या आसपास भरतो, तो अशा एका कप्प्यात एकच मावतो. पुढच्या-मागच्या तोलाकडेही बघा. भार पुढे झुकला असेल तर ५०० किलोतले ३५० एकट्या पुढच्या बीमवर येऊ शकतात, आणि जोडीवर लिहिलेल्या आकड्याचा निम्माच भार एका बीमने पेलायचा असतो. वजन अंदाजाने धरू नका, अवजार एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा.

जुन्या रॅकचं खरं दुखणं उभ्या खांबात, अपराईटमध्ये असतं. खांबाची ताकद जमीन ते पहिला बीम आणि मग बीम ते बीम या अंतरावर ठरते. उंच अवजार मावावं म्हणून कोणीतरी मधला बीम काढतो, अंतर दुप्पट होतं आणि खांबाची क्षमता निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. वरचा कप्पा मात्र तेवढाच भरलेला राहतो. एक कप्पा कायमचा उंच हवाच असेल तर वरचं वजन कमी करा.

विकत घेताना एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावून बघा. बीमच्या दिशेने ५ मिमी किंवा फ्रेमच्या खोलीच्या दिशेने ३ मिमीपेक्षा जास्त बाक असेल तर तो खांब सोडून द्या. युरोपात रॅक तपासणीला हेच आकडे धरतात. दोन कंपन्यांचे भाग मिसळू नका. खांबावरच्या खाचा एकाच अंतरावर असल्या तरी बीमच्या हुकांचा आकार वेगळा असतो. बीम बसल्यासारखा वाटतो, पण सगळे हुक धरलेले नसतात. प्रत्येक टोकाला लॉक पिन हवीच, नाहीतर काट्याचा खालून धक्का लागला की बीम उचकटतो. पिनऐवजी खिळा घालणारे बरेच आहेत. तो चालत नाही.

जमीन किमान १५० मिमी काँक्रीटची असावी. पेव्हर ब्लॉक किंवा भरावावरची फरशी नको. हिशोब सोपा आहे. तीन कप्पे, प्रत्येकी एक टन, म्हणजे एका बेला (दोन फ्रेममधल्या रॅकच्या एका भागाला) तीन टन: टोकाच्या खांबावर ७५० किलो, दोन बेंच्या मधल्या खांबावर १५००. हे सगळं खांबाच्या पायाशी असलेल्या वहीएवढ्या बेसप्लेटमधून खाली उतरतं. प्रत्येक बेसप्लेटला अँकर बोल्ट मारा, खाली फट असेल तर लोखंडी शिम (पातळ चकती) घाला, लाकडाची पाचर नको. वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात हा उद्योग स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय करू नये.

मुंबईचा पाऊस विसरून चालत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, पण तुमच्या कामाचा आकडा तो नाही. गाळ्याच्या भिंतीवरची पाण्याची जुनी खूण शोधा आणि पहिला बीम तिच्या वर घ्या. ते जमत नसेल तर इथे जड ते खाली हा नियम वाकवावा लागतो. पाण्यात राहून लेव्हलरचं किंवा नांगराचं फारसं बिघडत नाही. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये ब्रीदरमधून (हवेसाठी ठेवलेल्या छिद्रातून) पाणी शिरतं, तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग जातात. म्हणून रोटाव्हेटर खुणेच्या वरच्या कप्प्यात, पाती-फाळवाली साधी अवजारं सर्वात खालच्या बीमवर. रोटाव्हेटर उभा करून ठेवू नका, त्याच ब्रीदरमधून तेल गळतं.

जुहू-वर्सोव्याच्या वाळूतून आलेलं अवजार गोड्या पाण्याने धुऊन, वाळवूनच वर चढवा. खारं पाणी थेट खालच्या बीमच्या खाचांत ठिबकतं आणि गंज आतून धरतो, बाहेरून पावडर कोटिंग ठीकठाक दिसत राहतं. हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे आत घेऊन ठेवा, कपलिंगला टोप्या लावा. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणारा दांडा) काढून भिंतीवर आडवा ठेवा, रॅकला लटकवू नका.

वाटेकडच्या कोपऱ्यातल्या खांबांना ४०० मिमी उंचीचा गार्ड लावा, तो जमिनीला बोल्ट केलेला असावा, खांबाला नव्हे. आणि ठोकर बसून खांब वाकलाच, तर हातोडीने सरळ करू नका, वेल्ड करू नका. त्याच्या दोन्ही बाजूंचे बे रिकामे करा आणि खांब बदला.