पोलरायझर काढायचा राहिला

शनिवार, रात्री साडेनऊ

बॅग भरून झाली. आज पहिल्यांदाच वाईड लेन्स कपाटात ठेवून निघणार आहे. हात दोनदा तिकडे गेला, दोन्ही वेळा मागे घेतला.

गेल्या आठवड्यात एक काम केलं, जे खरं तर कधीच करायला हवं होतं. ‘आवडते’ नावाच्या फोल्डरमध्ये चार वर्षांत साठवलेले लँडस्केपचे फोटो एकेक करून उघडले आणि कुठला किती मिलिमीटरवर काढलाय (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं) ते वहीत उतरवलं. कॅमेरा ही माहिती प्रत्येक फाइलमध्ये लिहून ठेवतोच, आपण बघत नाही इतकंच. एकशे बारा फोटो होते. त्यातले ऐंशीच्या वर ७० ते २०० मिमीच्या मधले निघाले. १०-१८ मिमीच्या लेन्सवरचे फक्त नऊ. आणि त्या नऊमधल्या सहांत पायाशी दगड, गवत, पाणी असं काहीतरी अगदी जवळचं आहे.

लँडस्केप म्हणजे वाईड लेन्स, हे मी सुरुवातीला कुठेतरी ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. सगळं दृश्य फ्रेममध्ये मावलं पाहिजे, म्हणून वाईड. पण मावतं तेव्हा काय होतं? डोळ्यांसमोर आभाळभर वाटलेला डोंगर फोटोत नखाएवढा होतो. साधा हिशोब आहे. एकाच जागेवरून १६ मिमीवर डोंगर जेवढा येईल, त्याच्या पाचपट ८० मिमीवर येतो. वाईड लेन्स लांबच्या गोष्टी मागे ढकलते आणि जवळच्या पुढे आणते. म्हणून ती जवळ जायला आहे. गुडघे टेकून दगडापासून हातभर अंतरावर बसायचं आणि मागे डोंगर ठेवायचा, हे तिचं काम. मी मात्र तिला उभ्या उभ्या लांबच्या डोंगरावर लावत होते आणि घरी येऊन फोटो सपाट का दिसतो म्हणून हळहळत होते.

माझी नजर लांबच्या गोष्टींत अडकते. एक झाड, एक कडा, दोन डोंगरांमधली खाच. चालताना मी थांबते ती अशा गोष्टींपाशी. मग लेन्सही तशीच हवी. उद्या फक्त बॉडी, ५५-२५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड, दोन बॅटऱ्या, हेडलॅम्प. खांद्याला आत्ताच हलकं वाटतंय.

गजर चारचा.

रविवार, सकाळी सव्वासात, तळ्याच्या काठी

घाईत लिहितेय. बोटं गार पडली आहेत, पण आत्ताच लिहून ठेवायचंय.

पाचला पोचले. हेडलॅम्प लावावाच लागला नाही, वाट चंद्राच्या उजेडात स्वच्छ दिसत होती. पौर्णिमा आहे हे डोक्यात होतं, पण चंद्राचा मी वाटेपुरताच विचार केला. त्याबद्दल पुढे लिहिते.

ट्रायपॉडचे जाड पाय आधी उघडले, बारीक नंतर, मधला दांडा वर घेतलाच नाही. दांडा वर घेतला की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीवर येतो. काठावरची माती ओली होती, म्हणून प्रत्येक पाय हाताने दाबून बसवला. मागे एकदा हे केलं नव्हतं तर वीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये पाय तसूभर खचला आणि सगळं दृश्य दुहेरी आलं. बॅग दांड्याच्या हुकाला लटकवली, पण तळ जमिनीला टेकेल एवढी खाली. अधांतरी लोंबकळणारी बॅग वाऱ्याने झुलते आणि कॅमेरा जास्तच हलवते. लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण बंद केलं. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून, लांबच्या एका दिव्यावर हाताने फोकस लावला.

पूर्वेकडे डोंगरांच्या रांगा आहेत. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांच्या आसपास असतो तेव्हाचा तो गडद निळा उजेड सुरू झाला आणि मग रांगा एकेक करून सुट्या व्हायला लागल्या. सगळ्यात जवळची जवळजवळ काळी, तिच्यामागची निळी, तिच्यामागची फिकट निळी, आणि शेवटची तर आभाळच वाटावी इतकी पुसट. मधली हवा जितकी जास्त, तितका तिच्यात विखुरलेला उजेड जास्त, म्हणून लांबचा डोंगर फिकट. हे कारण मला माहीत आहे. तरी दर वेळी बघताना श्वास थांबतो.

१३५ मिमीवर पाच रांगा फ्रेममध्ये बसल्या. वर आभाळाची एवढीशी पट्टी. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, आठ सेकंदांपासून सुरुवात. आधी मी लँडस्केपला सरसकट एफ/२२ लावायचे, सगळं फोकसमध्ये यावं म्हणून. पण छिद्र इतकं बारीक केलं की उजेड कडांवर पसरतो आणि सगळंच थोडं थोडं मऊ होतं. आणि इथे सगळ्यात जवळची रांगही दोन किलोमीटरवर आहे. एफ/८ वर काहीही सुटणार नव्हतं.

दर दोन मिनिटांनी एक फोटो. मधल्या वेळात नुसती बघत उभी राहिले. दरीत धुकं होतं, ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मध्ये सरकत आलं, आणि जिथे दोन्ही डोंगर एकमेकांत मिसळले होते तिथे पांढरी रेघ उमटली. त्या क्षणी फ्रेम पुरी झाली हे मला कॅमेऱ्याआधी पोटात कळलं. तीन फोटो काढले. हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेडाचा आलेख, दोन्ही कडांपासून मोकळा होता.

मग सहज मागे वळले.

पश्चिमेला उतारावर ते एकटं झाड आहे ना, त्याच्या जरा उजवीकडे चंद्र मावळायला टेकला होता. फिकट केशरी, अखंड गोल. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना असतात. एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतो. शाळेपासून माहीत असलेली गोष्ट! आणि मी तासभर त्याच्याकडे पाठ करून उभी.

ट्रायपॉड उचलून काठाने डावीकडे धावले, चंद्र झाडाच्या मागे येईपर्यंत. साठ-सत्तर पावलं. ते झाड साधारण चारशे मीटरवर आहे. २५० मिमीवर चंद्र झाडाच्या निम्म्या उंचीचा दिसत होता, फांद्यांच्या मागे. वाईड लेन्स आणली असती तर चंद्राचा ठिपका झाला असता, सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत जेमतेम पंचवीस पिक्सेलचा. लेन्सचा निर्णय बरोबर होता, एवढं तरी आज छातीवर हात ठेवून लिहिते.

ट्रायपॉड लावताना अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स आठवला. १९४१ साली न्यू मेक्सिकोत, दिवसभर मनासारखं काही न मिळता परतत असताना त्याला हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला. खाली दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचा शेवटचा उजेड. मोठा ८ बाय १० इंची कॅमेरा घाईघाईने लावला, पण लाइट मीटर काही सापडेना. चंद्राची उजळता त्याला पाठ होती, तेवढ्या आकड्यावरून त्याने एक्सपोजर ठरवलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रुसांवरचा उजेड गेला होता.

माझ्याकडे मीटर कॅमेऱ्यातच आहे. तीन-चार मिनिटं मिळाली, अकरा फोटो काढले. झाडावर फोकस लावला. चंद्र खाली धुरकट हवेत शिरला, रंग विटला, आणि उतारामागे जायच्या आधीच दिसेनासा झाला. वळून बघते तर सूर्य वर आलेला.

सूर्योदय मी आज पाहिलाच नाही. त्याची खंत नाही.

रविवार, दुपार

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतून तासभर काढला नाही. गार झालेली लेन्स एकदम उबदार खोलीत उघडली की काचेवर दव धरतं, कधी कधी आतूनही. तेवढ्या वेळात ट्रायपॉड धुतला. खालच्या पायाचा पीळ सैल करताना वाळूचा कण करकरला, दातांत खडा यावा तसा. पीळ पूर्ण उघडून आतल्या प्लॅस्टिकच्या चकत्या काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि सुकायला ठेवल्या. एका चकतीवर ओरखडा आहे. काठावर पुढच्या वेळी खालचा पाय थोडा तरी उघडूनच उभा करायचा, म्हणजे पीळ चिखलाच्या वर राहील.

मग लेन्स बाहेर काढली, हूड काढला, आणि बघते तर पुढे पोलरायझर, चकाकी कापणारा फिल्टर.

मागच्या आठवड्यात ओढ्यातल्या ओल्या दगडांवरची चकाकी घालवायला लावला होता. तिथे तो फार कामाचा होता, पाण्याखालचे गोटे दिसायला लागले. पण काढायचा राहिला. वर हूड, आणि सगळं अंधारात, त्यामुळे दिसला नाही. पोलरायझर जवळजवळ दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). डोंगररांगांना त्याचं काही वाटलं नाही, तिथे आठ सेकंद काय आणि तीन सेकंद काय. पण चंद्राचे सगळे फोटो १/१५ सेकंदाला आलेत. तो नसता तर १/४० मिळाला असता. आणि आयएसओ १०० वरच ठेवला, केवळ ट्रायपॉडवर कॅमेरा आहे म्हणून. ४०० केला असता तरी चाललं असतं. दोन्ही मिळून १/१६० झाले असते.

वारा होता. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघितलं. चंद्र ठीक, खोड ठीक, खालच्या जाड फांद्या ठीक. वरची पानं मात्र सगळी पुसलेली, बोट फिरवल्यासारखी. अकराच्या अकरा. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर ठेवतो, झाड नाही, हे मला ठाऊक आहे आणि तरी सकाळी आठवलं नाही.

बराच वेळ तशीच बसून राहिले. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. असा चंद्र, असं झाड, मधे एकही तार नाही, खांब नाही.

डोंगररांगांचा फोटो मात्र मनासारखा आहे. रॉ फाइलमध्ये फारसं काही करावं लागलं नाही. सावल्या जरा खाली, व्हाइट बॅलन्स थोडा निळ्याकडे. ती धुक्याची रेघ जशी पोटात उमटली होती तशीच आली आहे. हा मोठा छापून घ्यायचा.

सोमवार, पहाट

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा मावळतो, त्या हिशोबाने गच्चीवर जाऊन बघितलं. ढग.

मंगळवार, रात्र

मित्राचा फोन आला होता. पानं पुसली गेली हे ऐकून म्हणाला, ‘आता फुल फ्रेम घेच. आयएसओ बिनधास्त वाढवता येईल.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. फुल फ्रेमच्या मोठ्या सेन्सरवर तेवढ्याच आयएसओला साधारण एक स्टॉपभर स्वच्छ फोटो मिळतो. तो लग्नसमारंभ करतो, अंधाऱ्या हॉलमध्ये, धावत्या माणसांचे. त्याला तो एक स्टॉप सोन्यासारखा आहे.

पण माझा प्रश्न नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचा, नव्हताच. माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर आयएसओ ४०० ला काहीही बिघडत नाही. मी तो वाढवला नाही, एवढंच. शिवाय बॉडी बदलली की लेन्सही बदलाव्या लागतात, आणि २५० मिमीची जी चौकट मला इथे मिळते तिच्यासाठी तिकडे ४०० मिमी लागेल. त्या लेन्सचं वजन पाठीवर घेऊन पहाटे पाचला मी तळ्यापर्यंत किती वेळा जाईन? मित्राला एवढं सगळं सांगितलं नाही. विचार करते म्हणाले.

घ्यायचंच झालं तर ट्रायपॉडचं हेड घेईन. आत्ताचं बॉल हेड २५० मिमीला घट्ट केल्यावरही केसभर खाली बसतं, त्यामुळे चौकट ठरवताना प्रत्येक वेळी थोडं वर धरून सोडावं लागतं. रविवारी त्या तीन-चार मिनिटांतला निम्मा वेळ त्यात गेला. दांड्याने फिरणारं, दाते असलेलं हेड हवं. हळूहळू, एकेका दिशेला स्वतंत्र.

वाईड लेन्स विकायचा विचारही आला होता, तो सोडला. ती घेऊन ओढ्यावर जाईन, एकटी तीच. दगडापासून हातभर अंतरावर.

बुधवार, संध्याकाळ

ऑफिसातून येताना कंपास घेऊन तळ्यावर गेले. पुढची पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी, पण चंद्र त्याच जागी मावळणार नाही. सध्या सूर्य उत्तरेकडे सरकतोय, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र मावळायची जागा दक्षिणेकडे सरकणार. झाड तिथेच, चंद्र डावीकडे, तेव्हा मला उजवीकडे जावं लागेल. काठाने चालत चालत पाहिलं. रविवारच्या जागेपासून बरंच पुढे, जिथे काठ वळतो तिथून झाड आणि ती दिशा एका रेषेत येतात. मधे वेताची दाट बेटं आहेत, पण ट्रायपॉड पूर्ण उंच केला तर त्यांच्यावरून दिसतं. तिथून झाड जरा लांब पडतं, पाचशे मीटरच्या आसपास. २५० मिमी आणि एफ/८ ला सुमारे ३९० मीटरच्या पुढे कुठेही फोकस लावला की अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे झाड आणि चंद्र दोन्ही सांभाळले जातील. आणि झाड लांब गेलं की त्याच्या मानाने चंद्र मोठा दिसेल, तेही बरंच.

पायाखाली खूण म्हणून तीन दगड एकावर एक ठेवून आले.

पोलरायझर त्याच्या डबीत घातला. डबी बॅगेच्या बाहेरच्या खणात.