स्पेक्ट्रम प्लसचा रंग टिकला. आता पॅललाच वळसा घालण्याचा विचार

माझ्या स्पेक्ट्रम प्लस या १९८०च्या दशकातील सिंक्लेअरच्या घरगुती संगणकाचे झाकण बंद करून, सर्व स्क्रू आवळून, संपूर्ण संध्याकाळ ते यंत्र चालवल्यानंतरही नव्या टीव्हीवरील लाल पट्टी लालच राहिली, एवढ्या एका कारणासाठी ही नोंद लिहीत आहे. चित्र टीव्ही चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरला वगळून, एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून कंपोझिट (उजेड आणि रंग एकाच वायरीवर नेणारा) सिग्नल बाहेर घेतल्याचे मागे सविस्तर लिहिलेच होते. त्यामुळे छत्तिसाव्या चॅनेलवरील मुंग्यांपासून कायमची सुटका झाली आणि अक्षरे रेखीव झाली; परंतु रंगाचा जो प्रश्न तेव्हा किरकोळ वाटला होता, त्याने पुढे सगळा वेळ खाल्ला.

यंत्र थंड असताना एलईडी टीव्हीवर आठही रंग उत्तम दिसत. झाकण लावून थोडा वेळ गेला की रंग आधी लुकलुकू लागत आणि मग चित्र पूर्णपणे कृष्णधवल होई. याच क्षणी तीच वायर काढून पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीला जोडली, तर तेथे रंग व्यवस्थित हजर असत. झाकण उघडून पंखा सोडला की नव्या टीव्हीवरही ते परत येत. म्हणजे उष्णतेशी संबंध उघड होता, पण उष्णतेने नेमके काय बिघडत होते, हे कळत नव्हते.

पहिला संशय अर्थातच १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर गेला. अडॅप्टरच्या ९ व्होल्टपासून बोर्डावरची छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर हा पुरवठा तयार करतात आणि रंगाचे संकेतन करणारी एलएम १८८९ ही चिप त्यावरच चालते. त्या भागातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मी सरसकट बदलले. ते काम करायलाच हवे होते, कारण तेथील बिघाडाने उणे ५ व्होल्ट गेले तर खालच्या १६ केबीतील ४११६ रॅम चिपा बळी पडतात. मात्र रंग पूर्वीसारखाच पळत राहिला. चित्राचे सिग्नल तयार करणाऱ्या यूएलए चिपवर हीटसिंक चिकटवूनही काही फरक पडला नाही, आणि यंत्र तापल्यावरही १२ व्होल्ट जागचे हलत नाहीत हे मीटरने स्पष्ट दाखवले.

शेवटी शहापुरात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्याजाणत्या गृहस्थांना विचारले, “काका, त्याच वायरीवर जुन्या टीव्हीला रंग दिसतो आणि नव्याला दिसत नाही, हे कसं?” त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले, “जुना सेट चालवून घेतंय ओ. नव्याला क्रिस्टल काटेकोर लागतंय. तेवढं आधी बघा की.”

क्रिस्टल म्हणजे रंगाच्या सिग्नलची वारंवारिता ठरवणारा स्फटिक. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. पॅल या रंगीत चित्राच्या पद्धतीचा टीव्ही प्रत्येक ओळीच्या आरंभी येणाऱ्या बर्स्टशी, म्हणजे रंगाच्या संदर्भ-संकेताशी, आपला आंतरिक ऑसिलेटर जुळवून घेतो. ही जुळवणी मूळ वारंवारितेच्या आजूबाजूला काही शे हर्ट्झपर्यंतच शक्य असते. सिग्नल त्यापलीकडे गेला की टीव्ही चुकीचे रंग दाखवण्याऐवजी ते बंदच करतो. त्याला दुरुस्तीवाले कलर किलर म्हणतात. ही मर्यादा प्रत्येक टीव्हीची वेगळी असते आणि माझ्या नव्या टीव्हीची ती बरीच अरुंद असावी.

मोजमाप हा स्वतंत्र उपद्व्याप ठरला. अपेक्षित आकडा ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ आहे. पण क्रिस्टलच्या पायाला प्रोब लावताच प्रोबची कपॅसिटन्स मंडलात मिसळते आणि जे मोजायचे तेच सरकते. म्हणून वारंवारिता मोजणाऱ्या काउंटरच्या वायरीला दोन वेढ्यांचा लूप करून तो क्रिस्टलच्या शेजारी, स्पर्श न करता धरला. स्वस्तातल्या काउंटरवर विश्वास कसा ठेवायचा, असे कोणी विचारील. तर गच्चीवर ठेवलेल्या जीपीएस मॉड्यूलच्या सेकंदाला एक या ठोक्यांशी तो आधी पडताळून घेतला होता. थंड यंत्रातच वारंवारिता सुमारे २९० हर्ट्झ जास्त भरली आणि झाकण लावल्यावर ती आणखी वर चढत गेली. वारंवारिता जुळवण्यासाठी असलेला ट्रिमर कंडेन्सर पूर्ण मिटवूनही ती पुरेशी खाली येईना. क्रिस्टल स्वतः तापमानाने एवढा हलत नाही, त्यामुळे त्याच्या सोबतचे जुने सिरॅमिक कंडेन्सरच ढळले असावेत असा अंदाज केला. आमच्याकडच्या, विशेषतः खानापूरच्या बाजूच्या, पावसाळी दमटपणात इतकी वर्षे काढलेल्या बोर्डाकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच.

ते कंडेन्सर काढून एनपीओ जातीचे, म्हणजे तापमानाने मूल्य जवळजवळ न बदलणारे, बसवले आणि ट्रिमरला समांतर काही पिकोफॅरडची जोड दिली. एनपीओ म्हणून ऑनलाइन मागवलेली पहिली पुडी मात्र केराच्या टोपलीत गेली. सोल्डरिंग आयर्न नुसती जवळ नेली तरी त्यांचे मूल्य घसरत होते. पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेले कंडेन्सर उत्तम निघाले. असे सुटे भाग जेथे दुकानदार डब्यातून काढून आपल्यासमोर मीटरवर दाखवतो तेथूनच घ्यावेत, मग चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही. आता ट्रिमर मध्यावर असताना वारंवारिता जागेवर येते आणि यंत्र तापल्यावर तिच्यात होणारा बदल ५० हर्ट्झच्या आत राहतो. निळ्यावरची लाल अक्षरे झाकण लावून निवांत पाहत बसण्याचे सुख ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

उष्णतेचे मूळ, म्हणजे ७८०५ रेग्युलेटर, तेवढे शिल्लक आहे. वरचे चार-पाच व्होल्ट तो उष्णतेतच जिरवतो. त्याच्या जागी स्विचिंग मॉड्यूल बसवण्याचे मी मागे जाहीर केले होते, पण चाचणीत त्याच्या रिपलमुळे, म्हणजे पुरवठ्यातील बारीक चढउतारांमुळे, चित्रात फिकट उभे पट्टे उमटले. फिल्टर लावून ते कमी होतीलही. तूर्तास मूळ रेग्युलेटरच ठेवून उद्यमबागेतील ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची जाड पट्टी वाकवून घेणार आहे, म्हणजे उष्णता क्रिस्टलपासून दूरच्या बाजूला नेता येईल.

रंग स्थिर झाल्यावर दुसरे दुखणे डोळ्यांत भरले. स्पेक्ट्रमची फ्रेम ३१२ ओळींची असते, ६९,८८८ टी-स्टेट्समध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) ती पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला ५०.०८ फ्रेम. तिच्यात सम-विषम ओळींचा खेळ नसतो. नवा टीव्ही मात्र तिला इंटरलेस्ड, म्हणजे सम-विषम ओळी आळीपाळीने येणारी, समजून दोन फ्रेमा एकमेकींत विणतो, त्यामुळे एका फ्रेमला दिसून दुसऱ्या फ्रेमला लपणारी आकृती जाळीदार होते. कंपोझिटचे एचडीएमआय करून देणाऱ्या स्वस्त डब्या हेच करतात, आणि त्यांतली माझी डबी तर वर ६० हर्ट्झचे चित्र देते; सरकता मजकूर तिच्यावर अडखळतो. त्यांच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलला. एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळ्या वायरींवर) काढण्याचा विचार होता, पण तोही सिग्नल त्याच विणकामातून जाणार. यूएलए जर वाय (उजेड), यू आणि व्ही (रंग) असे तीन सिग्नल मुळातच वेगळे देत असेल, तर त्यांचे पॅल करून टीव्हीत पुन्हा सोडवण्याची गरजच काय? बोर्डाच्या मागच्या कडेवरील एज कनेक्टरवर त्यांच्यासाठी जागा आहेत. माझ्या इश्यूच्या (आवृत्तीच्या) बोर्डावर त्या खरोखर जोडलेल्या आहेत का, ते मीटरने पाहायचे आहे. तेथून आरजीबी-टू-एचडीएमआय या मुक्त प्रकल्पाचा ॲनालॉग बोर्ड आणि रास्पबेरी पाय झिरो जोडला, तर २५६ गुणिले १९२ पैकी प्रत्येक पिक्सेल जेथल्या तेथे टिपता येईल आणि एचडीएमआयचा वेगही यंत्राच्या ५०.०८शी बांधता येईल. टीव्ही तो वेग स्वीकारील का, हे लावल्यावरच समजेल. तोपर्यंत सुधारलेले कंपोझिट तसेच राहू देणार आहे, कारण जुन्या ट्यूबवर ते अजूनही सर्वांत देखणे दिसते.

निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव परिसरात कोणाकडे पाचव्या जागी खाच भरलेला ५६ पायांचा एज कनेक्टर शिल्लक असेल, तर कृपया कळवावे. ६० पायांचा असल्यास तोही कापून चालवून घेईन.