नक्षीदार बार मोडून साधी चांदी घेतली: माझा अनुभव

घरच्या वाटणीत आलेल्या चांदीत दोन गठ्ठे होते. एकात आखातातून आणि बोटीवरून आलेले एकेका औंसाचे नक्षीदार बार, दुसऱ्यात जुनी नाणी. बारांपैकी ठेवण्याजोगे ठेवायचे आणि बाकीच्यांची साधी वीट घ्यायची, एवढंच काम. गोव्यात ते कसं पार पडतं आणि कुठे अडतं, ते लिहिते आहे.

म्हापसा घ्या, मडगाव घ्या, फोंडा घ्या, शेटच्या, म्हणजे सोनाराच्या, काउंटरवर बारचे दोनच आकडे विचारले जातात: वजन आणि टंच, म्हणजे हजार भागांत शुद्ध चांदी किती. जहाजाचं चित्र, 1973 साल, अनुक्रमांक, मखमली डबी यांना तिथे दमडीही मिळत नाही. नक्षीचे पैसे देणारा फक्त संग्राहक. शिवाय दोघांकडे माल न्यायची रीत नेमकी उलट. संग्राहकाला बार जसाच्या तसा हवा, बोटाचा ठसासुद्धा नको. शेट छिन्नीने कोपरा कापून आतला रंग बघणार. म्हणून वेगळं काढण्याचं काम घरीच उरकायचं.

सुरुवात वजनापासून केली. शतांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. चांदीचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, 31.10 ग्रॅम. काट्यावर 28.35 आले तर तो किराणा मालाचा औंस, तिथेच शंका घ्यावी. बारवर ‘हंड्रेड मिल्स’ असं कोरलेलं दिसलं तर तो सरळ बाद: आत तांबं, वर चांदीचा मुलामा. शेजारी नऊशे नव्व्याण्णवचा आकडा मोठ्या दिमाखात असतो, पण तो मुलाम्याच्या शुद्धतेचा. फसवणूक म्हणावी तर अक्षर खोटं नाही, हीच त्यातली चलाखी.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. बार बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचा, पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. काटा दाखवतो ते बारने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. चांदीची घनता 10.49, म्हणून 31.10 ग्रॅमच्या बारला 2.95 ते 2.97 यायला हवेत. तांब्याला 3.47 च्या आसपास येतात, जर्मन सिल्व्हरला (नावातच चांदी, खरं तर तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण) त्याहून थोडे जास्त. नक्षीच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि आकडा फुगतो, खरा बारही खोटा वाटू लागतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून बार हलकेच हलवला की बुडबुडे सुटतात. बार पुसताना मऊ कापड टेकवायचं, घासायचं नाही. शिसं-कथलाच्या मिश्रणाने घनता जुळवता येते, पण ते मऊ असतं आणि वाजवलं तर बद्द बोलतं. लोहचुंबकाने लोखंडासारखे मोजकेच धातू पकडले जातात. तांबं-पितळ त्यातून सहज निसटतं, त्यामुळे नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नये.

संग्राहकाच्या गठ्ठ्यात काय घालायचं? एंगेलहार्ड, जॉन्सन मॅथी या चांदी शुद्ध करणाऱ्या कंपन्यांचे अनुक्रमांकाचे जुने बार, कारण ते आता पाडले जात नाहीत आणि नाव ओळखीचं आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत आर्ट बारांची, म्हणजे अशा नक्षीदार बारांची, लाट होती, नाताळ, मातृदिन, आगगाडी, वाटेल त्या विषयावर बार निघाले. 1980 मध्ये भाव भडकला तेव्हा त्यांतले पुष्कळ भट्टीत गेले, तरी सामान्य विषयांचे अजून ढिगाने मिळतात. अशा बारला संग्राहकही धातूच्या किमतीवर फारसं काही देत नाही. माझ्या मते ते सरळ मोडीत काढावेत. ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांवर जाऊ नये. मर्यादा छापणाऱ्याने ठरवलेली असते, मागणी नव्हे.

जुन्या नाण्यांची गोष्ट वेगळी. गोव्यातल्या घरांत पोर्तुगालचा राजा दों लुईश याचे 1881-82 चे रुपये सापडतात: 11.66 ग्रॅम, टंच 917, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. इंग्रजी रुपयाचंही तेच गणित, पण 1940 ते 45 च्या रुपयांत चांदी निम्मीच. ही नाणी मोडीत देण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवावीत. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. लिस्बनच्या किंवा लंडनच्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येत नाही.

आता हिशेब. सोपं जावं म्हणून भाव ग्रॅमला 100 रुपये धरते. आजचा भाव वेगळा असेल, प्रमाण बदलत नाही. एका औंसाच्या नक्षीदार बारमध्ये चांदी 3,110 रुपयांची. दुकानात तो 4,200 ला लावला, वर 3 टक्के जीएसटी, झाले 4,326. शेटने 4 टक्के तूट धरून घेतला तर हातात 2,986. पैसे नुसते वसूल व्हायला भाव 145 वर जायला हवा, म्हणजे 45 टक्के वाढ. एक किलोच्या साध्या विटेवर 2 टक्के जादा आणि जीएसटी धरला तर खर्च 1,05,060. विकताना 2 टक्के तूट गेली तर 107 च्या थोडं पुढे बरोबरी. शंभर ग्रॅमचा बार या दोहोंच्या मध्ये पडतो, पण त्याचा फायदा असा की गरजेपुरता एकच विकता येतो. किलोच्या विटेचा तुकडा पाडून विकला की तो बिनशिक्क्याचा माल होतो आणि टंच पुन्हा काढावा लागतो.

शेटकडे जाण्याआधी त्या दिवसाचा आयबीजेएचा (सराफांच्या देशव्यापी संघटनेचा) दर पाहून ठेवला. तो जीएसटीशिवायचा असतो, दुकानातला फलक पुष्कळदा जीएसटीसकट, त्यामुळे दोन्ही एका पातळीवर आणून मगच घासाघीस करायची. चवथीच्या आणि धनत्रयोदशीच्या तोंडावर जाऊ नये, काउंटरवर कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. टंच एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांच्या, मशिनवर काढतात. मशिन फक्त वरचा थर वाचतं, म्हणून शेट कापायला मागतो ते योग्यच आहे. आपल्यासमोर कापावं, कापण्यापूर्वी आणि नंतर वजन करावं, एवढा आग्रह धरावा. एका ठिकाणी 999 चा शिक्का आणि मशिनचा आकडा जुळूनही ‘गाळणीची घट’ म्हणून वेगळी वजावट सांगितली. शुद्ध बारला गाळणीत घट जायचं कारण नाही. तिथून उठून दुसरीकडे गेले.

दहा हजारांवरची रक्कम शेट रोख देत नाही, खात्यात घालतो, कारण रोख दिली तर त्याला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. आधार-पॅन बरोबर ठेवावं. खरेदीच्या वेळी भरलेला जीएसटी सामान्य माणसाला परत मिळत नाही. ‘मोड देऊन नवीन घ्या’ म्हटलं तरी विक्री आणि खरेदीची कागदं वेगवेगळी मागावीत. अदलाबदल ही आयकराच्या दृष्टीने विक्रीच. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला, चांदी 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेली असेल तर नफ्यावर 12.5 टक्के कर, महागाईची सूट नाही. वाटणीत आलेल्या मालाला मूळ मालकाची खरेदी किंमत आणि त्याचा काळ धरतात, म्हणून जुनी बिलं शोधण्यात एक दुपार घालवायला हरकत नाही.

नवीन विटेवर शुद्धीकरण करणाऱ्याचा शिक्का, टंच, वजन आणि अनुक्रमांक आहे ना ते पाहिलं, आणि तोच अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला.

ठेवण्याबद्दल थोडं. गोव्याच्या पावसाळ्यात चांदी काळवंडणारच. वर्तमानपत्र आणि रबरबँड यांत गंधक असतं, ते लांब ठेवावं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकटा धरतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे, मिरगाआधी जेल बदलायचं. साधी वीट काळी झाली तरी वजन आणि टंच तेच. संग्रहाचा बार मात्र चकचकीत करू नये. अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी काळेपणा झटकन काढतं, पण खाचांतली मुद्दाम केलेली काळी छटाही घेऊन जातं आणि चित्र सपाट दिसू लागतं.

अडीनडीला तारण ठेवू, या हिशेबाने वीट घेत असाल तर रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश आधी वाचा: चांदीचे दागिने आणि ठरावीक वजनापर्यंतची नाणी तारण चालतात, वीट किंवा बार चालत नाही.