गुलाबावरचा मावा आणि क्रायसोपाच्या अळ्या

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, दाट बसला होता आणि त्याने टाकलेल्या चिकट्यावर (गोड चिकट द्रवावर) काळी बुरशी धरू लागली होती. फवारणीने मावा मरतो, पण त्याला खाणारे मित्रकीटकही मरतात, आणि माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्ले घालत असल्याने त्याची संख्या लवकरच पुन्हा वाढते. म्हणून मी क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी मागवली; त्याच्या अळ्या मावा खातात.

त्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त केला, कारण चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळली आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. भुशात मिसळून आलेली अंडी हिरवट रंग सोडून करडी पडली, तेव्हा ती फुटण्याच्या बेतात आहेत हे ओळखून त्याच संध्याकाळी माव्याच्या अगदी जवळच्या पानांवर पसरली. डबीत ठेवून चालत नाही. उपाशी अळ्या एकमेकींनाच खातात.

सुरुवातीला अळ्या भिंगातूनही जेमतेम दिसत. त्या मोठ्या झाल्यावर मात्र शिकार नीट पाहता आली. दोन्ही टोकांना निमुळती, तपकिरी पट्ट्यांची अळी डोके डावीकडे-उजवीकडे हलवत चालते आणि स्पर्श होईपर्यंत तिला बहुधा भक्ष्याचा पत्ता लागत नाही. माझ्यासमोर एक अळी एका गुबगुबीत माव्याच्या अगदी शेजारून सरळ निघून गेली. दुसऱ्याला मात्र तिचे तोंड लागले आणि विळ्यासारखे दोन्ही जबडे त्याच्या अंगात रुतले. हे जबडे आतून पोकळ असतात. त्यांतून पाचकरस सोडून अळी माव्याचे अंग आतल्या आत विरघळवते आणि मग तो द्रव शोषून घेते. तिने माव्याला पानावरून उचलून धरले होते, त्याचे पाय हवेत हलत होते आणि थोड्या वेळाने नुसते चुरगळलेले कातडे खाली पडले. त्यानंतर ती दूर न जाता तिथेच लहान लहान वळणे घेत शोधू लागली. मावा थव्याने राहत असल्यामुळे ही रीत तिला फायद्याची ठरते.

फवारणीच्या मानाने हे काम संथ आहे, पण अळ्या दोनदा कात टाकून पांढऱ्या गोल कोशांत गेल्या तोवर शेंडे बरेचसे मोकळे झाले होते. कोशातून निघणारे जाळीदार पंखांचे प्रौढ कीटक या जातीत शिकार करत नाहीत, मकरंद आणि परागकणांवर जगतात. ते इथेच टिकून अंडी घालावीत म्हणून शेजारची बडीशेप आता फुलोऱ्यावर येऊ दिली आहे.