आठव्या महिन्यात तिसरं विमा कार्ड

"तुमचा विमा बाळंतपणापर्यंत हाच राहणार ना?" जुलैत दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईनं सहज विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. तिसऱ्याच दिवशी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आमच्या टीममधले अकरा जण, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. मला चौदावा आठवडा होता. गावी फक्त मायला माहीत होतं, कारण तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं तिनंच बजावलं होतं.

नोकरी गेल्याचं दुःख दोन दिवस टिकलं. त्यानंतर जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. इथं अमेरिकेत बऱ्याच जणांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो. माझा ३१ जुलैपर्यंत होता, बाळाची तारीख ९ जानेवारी. मधल्या पाच-सव्वापाच महिन्यांचं काय करायचं हे माझं मीच शोधायचं होतं.

पहिला रस्ता कोब्रा नावाच्या कायद्याचा. म्हणजे २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून काढलं, तर तोच विमा १८ महिन्यांपर्यंत स्वतःच्या पैशानं चालू ठेवता येतो. पण कंपनी आधी जो वाटा भरत होती तोही आपणच भरायचा, वर दोन टक्के, म्हणजे १०२ टक्के. आम्हा दोघांचे महिन्याला १,७८० डॉलर निघाले. माझा पगार नसताना. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली, म्हणून लिहून ठेवते: हो-नाही सांगायला ६० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत हो म्हटलं की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. हप्तेही तिथूनच भरावे लागतात, पण मध्ये काही अघटित झालं तर हातात दोरी असते. तो फॉर्म मी ६० दिवस स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

दुसरा रस्ता सरकारी बाजारपेठेतून, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवरून, स्वतःचा विमा घेण्याचा. आमच्या टेक्सासमध्ये दिवस गेलेत म्हणून तिथं वर्षाच्या मध्ये नाव नोंदवायचं दार उघडत नाही. नोकरीचा विमा गेला की उघडतं, मूल जन्मलं की उघडतं. गरोदरपण मात्र त्या यादीत नाही. हे वाचून मी नवऱ्याला दोनदा वाचायला लावलं.

शेवटी नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात गेले. ३० दिवसांच्या आत नाव घालावं लागतं, घातलं. आणि कळलं की माझी डॉक्टर त्या विम्याच्या ठरलेल्या डॉक्टरांच्या यादीत नाही. मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कार्ड बदललं तं डॉक्टर काहून बदलते वं?" मी तिला समजावत बसले आणि समजावता समजावता मलाच रडू आलं, कारण तिचं बरोबर होतं.

आता डिडक्टिबलबद्दल. माझा सगळा राग तिथं आहे. विमा कंपनीनं हात लावण्याआधी वर्षभरात आपण खिशातून भरायची रक्कम म्हणजे डिडक्टिबल. पहिल्या विम्यात ती २,५०० डॉलर होती आणि माझे ११४० भरून झाले होते. ऑगस्टमध्ये दुसरं कार्ड आलं, ते ११४० गेले, शून्यापासून सुरू, तेही ४,००० चं. नियमित तपासण्यांना पैसे लागत नाहीत, पण विसाव्या आठवड्याच्या आसपासची मोठी सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या मिळून १,९०० गेले. १ नोव्हेंबरला नव्या नोकरीचं तिसरं कार्ड आलं, पुन्हा शून्य. आणि १ जानेवारीला वर्ष बदललं की तेही शून्यावर येणार, म्हणजे बाळंतपणाच्या आठ दिवस आधी. पोट एकच, बाळ एकच, आणि हिशेब तीन वेळा नव्यानं. आमच्या बाबांच्या पीककर्जाच्या वहीतसुद्धा भरलेला पैसा भरलेला म्हणूनच लिहिला जायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी ही बिलं मांडून बसायचे.

दुसऱ्या विम्याच्या दवाखान्यात सगळे कागद नव्यानं. आपल्याकडं विदर्भात सिकलसेलचं, आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचं, कुणाला सांगायला नको. कॉलेजच्या शिबिरात मी वाहक निघाले होते, नवऱ्याची तपासणी आम्ही लग्नाआधीच करून घेतली होती, ती निर्मळ आली. फॉर्ममधल्या त्या रकान्यावर माझं पेन थांबलं. हे लिहिलं तर हप्ता वाढेल, विमा नाकारतील, असं वाटलं. पण इथं २०१४ पासून आधीच्या आजारावरून किंवा गरोदर आहे म्हणून असा विमा नाकारता येत नाही, हप्ताही वाढवता येत नाही. हे मी मनापासून मानते. मायनं ट्रंकेतून तो पिवळा पडलेला कागद काढला, शेजारच्या पोराकडून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि इथल्या डॉक्टरनं तो मोठा करून वाचला. दारव्हा तालुक्यातल्या शिबिराचा शिक्का डॅलसमधल्या फाइलमध्ये लागला, त्याचा मला अभिमान वाटला.

याच काळात मुलाखती. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर असल्यानं देश सोडायची टांगती तलवार नव्हती. ज्यांचा स्वतःचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा असतो, त्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात. कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसतं, म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. ऑफर लेटर हातात आल्यावर सांगितलं. काकूंनी फोनवर "लपवून नोकरी घेतली म्हणायची" असं म्हटलं, ते मला लागलं. सांगणं माझ्यावर बंधनकारक नव्हतं. गरोदर आहे म्हणून नोकरी नाकारणं इथं १९७८ पासून बेकायदा आहे. आणि नागपुरातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत "लग्न झालं का, मूल कधी" हे पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं, तेव्हा काकूंनाही राग आलाच होता. मी काम नीट करते. सप्टेंबरपासून एक दिवस सुट्टी घेतलेली नाही.

तरी खरं ते सांगते. इथली १२ आठवड्यांची बिनपगारी सुट्टीसुद्धा कंपनीत १२ महिने भरल्याशिवाय मिळत नाही. मला भरणार चार. २०२३ साली गरोदर कामगारांसाठी जो नवा कायदा लागू झाला, त्याच्या आधारानं बाळंतपणातून सावरायला आठ आठवडे मागितले, मॅनेजरनं लेखी दिले, बिनपगारी. भारतात २०१७ पासून २६ आठवडे पगारी, हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मी मान ताठ करून सांगितलं. घरी येऊन मायला फोन केला तर वहिनी कापूस वेचणीला गेलेली, सातवा महिना तिचाही. तिच्या मजुरीला कुठले २६ आठवडे? ऑफिसात हे मी सांगितलं नव्हतं.

तरीसुद्धा वहिनीला दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, कार्ड कोणत्या कंपनीचं हे तिला कुणी विचारत नाही, आणि आशाताई घरी येऊन गोळ्या खाल्ल्या का म्हणून विचारते. माझ्या घरी चार महिन्यांत कुणी आलं नाही. तिच्या पहिल्या वेळी मात्र रात्री गाडी मिळाली नाही, शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीत यवतमाळ गाठावं लागलं, तेही मी विसरलेले नाही. म्हणून "पहिलं बाळंतपण माहेरीच" असं जो तो म्हणतो तेव्हा मी गप्प बसते. नवी नोकरी, नवं कार्ड, आठव्या महिन्यातला इतका लांबचा प्रवास. मला यायचं नव्हतं असं नाही.

एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या दवाखान्यातल्या बिलिंगच्या बाई, मेक्सिकोहून आलेल्या, वय मायएवढं. विमा सुटल्यावर मी त्यांची पेशंटही उरले नव्हते. तरी त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारून विमा कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि ते संगीत ऐकत पन्नास मिनिटं माझ्याबरोबर बसल्या. मग रेघांच्या पिवळ्या कागदावर लिहून दिलं: डॉक्टर यादीत आहे का, हॉस्पिटल आहे का, भूल देणारा आहे का, लॅब आहे का, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा नंबर दर वेळी टिपून ठेव. शेवटी म्हणाल्या, इथं बाळंतपणाचं बिल एकत्र लावतात, तू मध्येच बदललीस म्हणून आम्ही ते तोडून लावू, दोनदा आलं तर घाबरू नको, मला फोन कर. तो कागद फ्रिजवर आहे. तिसरं कार्ड आल्यावर मी त्याच दवाखान्यात परत गेले, तेव्हा त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

माय १५ डिसेंबरला येतेय. आळीव आणि डिंक बांधून ठेवलाय, चौकशीवर चौकशी चालू आहे. काल मी तिला सांगितलं की बाळ झाल्यापासून ३० दिवसांत विम्यात त्याचं नाव घालावं लागतं, तू मला आठवण कर, मी तेव्हा भानावर असेन-नसेन.

"तीस दिवस?" ती म्हणाली. "आपण तं बाराव्या दिवशीच नाव ठेवतो वं. तुह्या बापाले सांगतो, नाव आत्ताच काढून ठेवा म्हणून."