परभणीत पेट्रोल महाग का?

आज परभणीत पंपावर एक काका पेट्रोल भरणाऱ्या पोरावर खवळले होते. "मुंबईत स्वस्त अन् इथंच महाग कसं?" पोरगा बिचारा गप्प. त्याला काय बोलायचं? पंपवाल्याला लिटरमागं ठरलेलं कमिशन मिळतं, भाव त्याच्या हातात नसतो.

आपल्याकडं टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीनशे किलोमीटरहून लांब. ते भाडं भावात चढतं आणि राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, त्या भाड्यासकट, केंद्राच्या उत्पादन शुल्कासकट लागतो. म्हणजे डेपोपासून लांब राहतो म्हणून करही जास्त भरायचा! मला हा सरळ अन्याय वाटतो. मराठवाड्यात आधीच पिकाला भाव नाही.

केंद्राचं शुल्क देशभर सारखंच. राज्याराज्यांतला मोठा फरक व्हॅटमुळं पडतो. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून आपल्या राज्यानं लिटरमागं २ रुपये अधिभार लावला, पुढं तो वाढत गेला, मधे काही वेळा कमीही केला. २०१७ ला असे वेगवेगळे कर एकत्र करणारा जीएसटी आला, पण पेट्रोल त्याच्या बाहेरच ठेवलं. केंद्र राज्याकडं बोट दाखवतं, राज्य केंद्राकडं. उत्पन्न सोडायला दोघंही तयार नाहीत. माझ्या मते दोषी दोघंही.

निदान वाहतूक भाड्यावरचा व्हॅट तरी काढा, हे आपल्या आमदारांना विचारा. मीही विचारणार आहे.